विझलेल्या दिव्याची घंटा

माझी आई मिरजेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होती. तिच्या बायकांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. दारापाशी सिस्टरांचं टेबल, टेबलामागच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीवर बारा लहान लाल दिवे आणि त्या बाराजणींना मिळून एकच घंटा. उशाशी लोंबणारं बटण कुणी दाबलं की घंटा वाजायची आणि त्या नंबरचा दिवा लागायचा. रात्रपाळीला मला सांभाळायला घरी कुणी नसलं की मी त्या टेबलाच्या कडेला बसून गृहपाठ करायचे. घंटा वाजली की आई लिहिता लिहिता थांबायची, जिथवर आलं होतं तिथे पेनानं एक टिंब द्यायची, फळीकडे बघायची आणि उठायची. परत आली की रजिस्टरात नोंद करायची आणि टिंबापासून पुढे लिहायला घ्यायची.

आता मी पुण्यात सिस्टीम सॉफ्टवेअरचं काम करते. नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास क्यूएमू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरला देते. इतरांनी पाठवलेले बदल वाचते, तपासून बघते, कधी स्वतः लिहिते. त्यातला माझ्या वाट्याचा कोपरा म्हणजे आईच्या मागची ती फळीच आहे. तिला इंटरप्ट कंट्रोलर म्हणतात. हा कोड सांभाळणं म्हणजे नेमकं काय करणं, ते मला आज सांगायचं आहे.

बारा दिवे, एक घंटा

प्रोसेसर आपलं काम ओळीनं करत असतो. पण बाहेरचं जग त्याच्या ओळीनं चालत नाही. तुम्ही कीबोर्डवरची कळ दाबता, नेटवर्कवरून काही येऊन पडतं, डिस्क म्हणते मागितलेलं आणलंय, घड्याळ ठोका देतं. प्रोसेसर जर दर क्षणी प्रत्येकाच्या दारात जाऊन ‘तुमचं काही आहे का?’ असं विचारत बसला, तर त्याचा सगळा वेळ फेऱ्या मारण्यातच जाईल. म्हणून व्यवस्था उलटी केली. ज्याचं काम असेल त्यानं हाक मारायची. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातल्या कामावर टिंब देतो, हाक मारणाऱ्याचं बघतो आणि टिंबापाशी परत येतो.

हाका मारणारे पुष्कळ आणि प्रोसेसरकडे जाणारी तार मात्र एक. म्हणून मध्ये फळी लागते. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला, तेव्हा हे काम इंटेलची ८२५९ए नावाची चिप करायची. आठ तारा आत येणार, एक बाहेर जाणार. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये अशा दोन चिप लावल्या. दुसरीची बाहेर जाणारी तार पहिलीच्या एका तारेत अडकवली, त्यामुळे सोळाऐवजी पंधराच हाकांची सोय झाली. शून्य नंबरला घड्याळ, एक नंबरला कीबोर्ड, आणि नेहमीच्या रीतीत लहान नंबरचा मान आधी.

चिपच्या पोटात आठ-आठ बिटांची तीन रजिस्टरं असतात. पहिल्यात कुणाकुणाची हाक आली आहे ते, म्हणजे लागलेले दिवे. दुसऱ्यात कुणाच्या हाकेकडे तूर्त बघायचं नाही ते, म्हणजे दिव्यावर लावलेली चिकटपट्टी. तिसऱ्यात सध्या कुणाचं काम चालू आहे ते, म्हणजे सिस्टर कोणत्या खाटेशी उभी आहे. काम संपलं की प्रोसेसरनं चिपला ‘झालं’ असा निरोप द्यायचा. तो मिळाला की तिसऱ्या रजिस्टरातली खूण पुसली जाते आणि मागे खोळंबलेल्यांची वाट मोकळी होते.

क्यूएमू संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करतं. अशा सॉफ्टवेअरला इम्युलेटर म्हणतात. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं आपण खऱ्या यंत्रावर चालतो आहोत. तिला प्रोसेसर दिसतो, डिस्क दिसते, ८२५९ही दिसते, आणि प्रत्यक्षात हे सगळं सी भाषेत लिहिलेलं असतं. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००३ साली ते लोकांसमोर ठेवलं. आज क्लाउडमधल्या कितीतरी यंत्रांच्या मुळाशी ते आहे, अँड्रॉइडचा इम्युलेटर त्यावर बेतलेला आहे, आणि नवा बोर्ड कारखान्यातून यायच्या आधी त्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा तो आधार आहे. त्यात इंटरप्ट कंट्रोलरांना वेगळं दालन आहे. ८२५९ची फाइल पाचशे ओळींच्या आतबाहेर असेल. तिच्या माथ्यावर बेलार यांचं नाव आणि २००३-२००४ ही सालं आजही आहेत. आभासी यंत्रं चालवणाऱ्या केव्हीएम या लिनक्सच्या भागातही हीच चिप दुसऱ्यांदा लिहिलेली आहे, आणि त्या फाइलच्या माथ्यावरही तेच नाव आणि तीच सालं आहेत. दोन्हींचा उगम एक, पण घरं आता वेगळी.

कुणीच न मारलेली हाक

या फाइलशी माझी ओळख झाली ती माझ्या चुकीतून.

प्रोसेसर ‘कोण आहे?’ असं विचारतो तेव्हा चिपनं नंबर सांगायचा, एवढं काम करणारं एक छोटं फंक्शन तिथे आहे. लागलेला दिवा सापडला तर त्याचा नंबर दे, हे सरळ आहे. पण खाली दुसरी फांदी होती: एकही दिवा सापडला नाही, तर सात नंबर सांग. मला ते चुकून राहिलेलं काहीतरी वाटलं. दिवाच नाही तर सात कुठून आणायचा? आणि मुळात दिवा नसताना कुणी विचारेलच कशाला? मी ती फांदी काढून टाकली, कोड नीटनेटका केला, सगळ्या चाचण्या चालवल्या. एकही नापास झाली नाही. हा बदल, म्हणजे पॅच, पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी एका जुन्याजाणत्या रिव्ह्यूअरचं उत्तर आलं. त्यात दोनच प्रश्न होते. खरी चिप या वेळी काय करते? आणि ते डेटाशीटच्या कोणत्या पानावर आहे?

मी इंटेलचं डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उघडलं. अशी वेळ खरोखर येते. हाक आली, चिपनं घंटा वाजवली. प्रोसेसर हातातली सूचना पुरी करून विचारणार, तेवढ्यात हाक मारणाऱ्यानं तार सोडून दिली. चिप बघते तर दिवा विझलेला. पण प्रोसेसरनं विचारलेलं आहे आणि ‘कुणी नाही’ हे उत्तर चिपच्या भाषेतच नाही. मग ती सात म्हणते. पीसीत सात नंबरला प्रिंटर असायचा. त्यामुळे प्रिंटरनं काही न मागताच त्याच्या नावानं हाक जाते.

जाणती ऑपरेटिंग सिस्टीम हे ओळखून असते. सातची हाक आली की ती आधी तिसरं रजिस्टर वाचते. तिथे सातची खूण नसेल, तर ही हाक मारून कुणीतरी निघून गेलंय हे तिला समजतं. लिनक्स अशा वेळी लॉगमध्ये तशी ओळ लिहितं आणि पुढे जातं. इथे एक पथ्य आहे. या हाकेला ‘झालं’ म्हणायचं नाही. साध्या ‘झालं’मध्ये नंबर नसतो. जे काम चालू आहे, त्यातलं सगळ्यात मानाचं संपलं असं चिप धरून चालते. म्हणजे सवयीनं ‘झालं’ म्हटलं, तर अर्धं काम राहिलेल्या दुसऱ्याच कुणाची खूण पुसली जाईल.

हे वाचताना मला आईचं टेबल दिसलं. वॉर्डातही व्हायचं असं. घंटा वाजायची आणि आईनं मान वर करेपर्यंत फळी काळी. मी म्हणायचे, “आई, कुणीच नाहीये.” ती उठायचीच. एकदा जाता जाता म्हणाली, “दिवा विझला म्हणून घंटा खोटी होत नाही, बाळा. चक्कर मारायची. फक्त रजिस्टरला लिहायचं नाही, नाहीतर सकाळच्या सिस्टरला वाटेल कुणाचं तरी काम झालं.”

मी पॅच मागे घेतला. इम्युलेटरचा कोड सांभाळण्यातलं मूळ सूत्र मला त्या दिवशी कळलं. आपण चांगली चिप बनवायला बसलेलो नाही. होती तशी चिप जपायला बसलो आहोत. तिचं बोलणं जितकं खरं उतरवायचं, तितकंच तिचं चुकीचं उत्तरही खरं उतरवायचं. कारण कुणीतरी, कधीतरी, त्या चुकीच्या उत्तरासकट आपला प्रोग्राम लिहून ठेवलेला असतो.

‘सोय नाही’ ही पाटी

हाक दोन तऱ्हेची असते. एक, बटण दाबल्याच्या क्षणाची: दाबलं, दिवा लागला, सिस्टर येईपर्यंत लागलेला राहिला. दुसरी, खटक्यासारखी: खटका खाली आहे तोवर दिवा चालू, सिस्टर येऊन गेली तरी खटका खालीच असेल तर पुन्हा घंटा. पहिलीला एज म्हणतात, दुसरीला लेव्हल. मूळ ८२५९ला सुरू करताना जो पहिला आदेश द्यायचा, त्यातला एक बिट आठही तारांसाठी एकदम ठरवायचा की हाक कोणत्या तऱ्हेची. पुढे एइसा पद्धतीचे बोर्ड आले, त्यात प्रत्येक तारेचं वेगळं ठरवता येऊ लागलं आणि तो जुना बिट अडगळीत गेला. १९९६ च्या इंटेलच्या एका चिपसेटच्या डेटाशीटमध्ये तर तो बंद आहे असंच लिहिलेलं आहे.

क्यूएमूनंही तो कधी धरला नव्हता. कुणी तो बिट लावलाच तर लॉगमध्ये ‘याची सोय नाही’ अशी ओळ पडायची आणि काम पुढे चालू राहायचं. एखाद्या खिडकीवर वर्षानुवर्षं पाटी लटकत असावी, आणि त्या खिडकीशी कुणी येतच नसावं, तसं ते होतं.

मग त्या खिडकीशी कुणीतरी आलं. पेगॅसॉस २ नावाचा पॉवरपीसी बोर्ड आहे, त्यावर मॉर्फओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. तिची माणसं मोजकी, पण जिवापाड प्रेम करणारी. त्या बोर्डावरच्या व्हीआयए कंपनीच्या चिपमध्ये ८२५९ बसवलेली आहे, आणि मॉर्फओएस तो अडगळीतला बिट खरोखर वापरते. २०२३ साली क्यूएमूत त्याची सोय झाली. मुख्य बदल बघायला गेलं तर एका अटीत एक ‘किंवा’ वाढला: या तारेसाठी लेव्हल ठरवली असेल, किंवा साऱ्या चिपसाठी ठरवली असेल.

पण माझ्या मते त्या पॅचमधला मोलाचा भाग दुसराच होता. क्यूएमूतलं चालतं यंत्र बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. निघताना यंत्राची सगळी अवस्था गाठोड्यात बांधायची: मेमरी, प्रोसेसर, आणि फळीवर या क्षणी कोणते दिवे लागलेत तेही. चिपला नवा बिट आला म्हणजे गाठोड्यात नवी वस्तू आली. पलीकडे क्यूएमूची जुनी आवृत्ती असेल तर ती वस्तू बघून ती अडेल. म्हणून असं लिहिलं की ही वस्तू वेगळ्या पुडीत बांधायची, आणि बिट लावलेला असेल तरच पुडी गाठोड्यात टाकायची. ज्यांनी तो बिट आयुष्यात वापरला नाही, त्यांचं गाठोडं आधी होतं तसंच राहिलं. मोजक्या माणसांची गरज भागवताना बाकीच्या सगळ्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे कौशल्य त्या पुडीत आहे.

मी हे इतकं सांगते, कारण गाठोड्यात एखादी वस्तू बांधायची राहिली तर काय होतं ते मी भोगलं आहे. नोकरीतल्या एका कामासाठी मी एका नव्या बोर्डाचा इंटरप्ट कंट्रोलर लिहिला होता. चाचण्या झाल्या, लोक वापरू लागले. काही आठवड्यांनी तक्रार आली: मायग्रेशननंतर एखाद्या वेळी यंत्राचं नेटवर्क मुकं होतं. शेकडो वेळा सगळं सुरळीत, मग एकदा असं. अकरा दिवस मी त्याच्या मागे होते. शेवटी सापडलं ते हे: आलेल्या पण अजून न ऐकलेल्या हाकांचं रजिस्टर मी गाठोड्यात बांधलंच नव्हतं. निघण्याच्या नेमक्या क्षणी हाक आलेली असली, तर पलीकडे पोचल्यावर दिवा विझलेला असायचा. नेटवर्क कार्डानं हाक मारलेली होती, ते सिस्टरची वाट बघत होतं. ते कार्ड हाताळणाऱ्या ड्रायव्हरला हाक ऐकूच आली नव्हती, तो हाकेची वाट बघत होता. हाक एज तऱ्हेची, तार आधीच वर गेलेली, त्यामुळे पुन्हा वर जाण्याचा क्षण येणारच नव्हता. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही कायमचे थांबलेले. दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ आजही मला तोंडपाठ आहे.

दहा बिट की चार

मोबाइल आणि आता बऱ्याच सर्व्हरमध्येही आर्मचे प्रोसेसर असतात. त्यांच्या फळीचं नाव जीआयसी. तिच्यात शून्य ते पंधरा नंबर प्रोसेसरच्या एका गाभ्यानं दुसऱ्या गाभ्याला मारायच्या हाकांसाठी राखून ठेवलेले आहेत. ही हाक मारण्यासाठी एका रजिस्टरात नंबर लिहायचा. आर्मचं दस्तऐवज सांगतं की नंबरासाठी चार बिट बघावेत. चार बिटांत पंधरापर्यंतच आकडे मावतात. क्यूएमूतला कोड दहा बिट बघत होता, म्हणजे १०२३ पर्यंत.

भल्या माणसानं पंधराच्या वर कधी लिहिलं नाही, म्हणून ते कुणाला टोचलं नाही. पण आतल्या यंत्रात बसलेला माणूस भलाच असेल असं नाही. सोळा घरांची यादी आणि तो म्हणतो नऊशेव्या घरात खूण कर. कोड यादी ओलांडून भलत्याच मेमरीत खूण करणार, आणि ती मेमरी बाहेरच्या सर्व्हरवरच्या प्रक्रियेची. २०२१ साली हे दुरुस्त झालं. त्याला सीव्हीई-२०२१-२०२२१ असा सुरक्षा-नोंदीचा क्रमांक मिळाला. एका ओळीतला एक आकडा बदलला, एवढीच दुरुस्ती.

याच घराण्यातलं मोठं प्रकरण २०१५ साली गाजलं होतं, व्हेनम या नावानं. चूक होती फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये, २००४ पासून तशीच बसलेली. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण तिचं दार उघडं होतं. म्हणून मी कुणाला म्हणू देत नाही की जुन्या चिपचा कोड आता चालतोय तर त्याला हात लावू नका, वाचूही नका. हात जपून लावावा हे खरं. वाचत मात्र राहिलं पाहिजे.

अनाथ ओळी

क्यूएमूत मेन्टेनर्स नावाची एक साधी मजकूर-फाइल आहे. कोणत्या फाइलची काळजी कोण घेतं, कुणाला कळवायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक भागापुढे त्याची स्थितीही असते. कुठे सपोर्टेड, म्हणजे कुणालातरी या कामाचा पगार मिळतो. कुठे मेन्टेन्ड, म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. कुठे ऑड फिक्सेस, म्हणजे सवड मिळेल तशी डागडुजी. आणि कुठे ऑर्फन, अनाथ.

रोजचं काम दिसायला साधं आहे. ई-मेलनं पॅच येतो. खाली पाठवणाऱ्याची सही असते की हे माझं आहे आणि मला ते देण्याचा हक्क आहे. मी तो माझ्या यंत्रावर लावते, बांधते, चाचण्या चालवते. मग डेटाशीट उघडून ओळ न ओळ ताडून बघते. पटलं तर खाली माझ्या नावानं ‘तपासलं’ अशी ओळ जोडते. ती ओळ बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात कायमची राहते. पाच वर्षांनी त्या जागी काही बिघडलं तर कुणीतरी इतिहास उलगडत तिथवर येईल आणि माझं नाव वाचेल, हे मनात ठेवूनच ती लिहावी लागते. एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर अशा वर्षाला तीन आवृत्त्या निघतात. एखादी जुनी गोष्ट काढायचीच असेल तर आधी दोन आवृत्त्यांपर्यंत तशी सूचना देऊन ठेवायची, मगच काढायची. भाडेकरूला मुदत द्यावी तशी.

सांगली, कोल्हापूर, पुण्याची मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगते, ८२५९पासून. फाइल लहान आहे, डेटाशीट सहज मिळतं. एका हाताला डेटाशीट, दुसऱ्या हाताला कोड ठेवा आणि प्रत्येक फांदीला विचारा, तू इथे का आहेस? उत्तर मिळेपर्यंत ती तोडू नका.

आईला मी त्या मागे घेतलेल्या पॅचबद्दल सांगितलं होतं. ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत मला माहीत नव्हती. तिच्या निवृत्तीच्या थोडं आधी वॉर्डातली लाकडी फळी काढून नवी यंत्रणा बसवली होती. उगाच वाजणाऱ्या घंटांचा त्रास नको म्हणून बसवणाऱ्यानं ती अशी लावून दिली की क्षणभर दाबलेलं बटण ती धरायचीच नाही. पहिल्या आठवड्यात वॉर्ड शांत. सगळे खूश. आईला मात्र ती शांतता खुपायला लागली. तिनं खाटाखाटांवरून फिरून बटणं दाबून घेतली, तेव्हा कळलं. आठ नंबरच्या म्हातारीच्या बोटात बटण दाबून धरण्याइतकी ताकद नव्हती. ती दाबायची, बोट सुटायचं, आणि ती पडून वाट बघायची. आईनं त्या माणसाला परत बोलावून घेतलं आणि ती सोय बदलायला लावली.

“तुझा तो सात नंबर,” आई म्हणाली, “राहू दे बरं का.”

तो आहे तिथेच आहे.